वाचकांचे प्रश्न: राजू शेट्टींचा पक्ष, चिन्ह आणि डिपॉझिट

छोट्या पक्षांबद्दल प्रश्न पाठवा म्हटल्यावर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं एकाच माणसाभोवती फिरतात. म्हणून हा अंक ऊसदराच्या आंदोलनातून आलेले माजी खासदार राजू शेट्टी आणि त्यांच्या स्वाभिमानी पक्षाचा. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी कळवलंय, त्यामुळे फक्त गाव दिलं आहे.

शेट्टी २००४ ला कोणत्या पक्षातून आमदार झाले आणि २००९ ला कोणत्या पक्षातून खासदार, यावरून आमच्याकडे पैज लागली आहे. क्रम एकदा नीट द्या. (जयसिंगपूर)

२००४ ला कोणत्याच पक्षातून नाही. शिरोळमधून ते अपक्ष निवडून आले. त्याआधी २००२ ला जिल्हा परिषदेत गेले होते. मूळ शरद जोशींच्या शेतकरी संघटनेतलं. जोशी भाजपच्या जवळ गेल्याचं कारण देऊन बाहेर पडले आणि स्वाभिमानी शेतकरी संघटना उभी केली. (दहा वर्षांनी महायुतीच्या व्यासपीठावर ते स्वतःच बसले, तेव्हा जुन्या कार्यकर्त्यांनी ही आठवण काढलीच.)

संघटना आणि पक्ष यांची गल्लत करू नका. संघटना ऊसदरासाठी भांडते, निवडणूक लढवतो तो स्वाभिमानी पक्ष. २००८ च्या पुनर्रचनेत इचलकरंजी लोकसभा मतदारसंघ गेला आणि हातकणंगले आला. त्यात कोल्हापूर जिल्ह्यातले शिरोळ, हातकणंगले, इचलकरंजी, शाहूवाडी आणि सांगली जिल्ह्यातले इस्लामपूर, शिराळा. २००९ ला शेट्टींनी पक्षातर्फे राष्ट्रवादीच्या निवेदिता माने यांना ९५,०६० मतांनी हरवलं. २०१४ ला महायुतीत राहून काँग्रेसच्या कल्लाप्पाण्णा आवाडे यांच्यावर १,७७,८१० ची आघाडी घेतली. २०१९ ला काँग्रेस-राष्ट्रवादीच्या साथीने लढले आणि शिवसेनेच्या धैर्यशील माने यांच्याकडून ९६,०३९ मतांनी पडले. २०२४ ला एकटे लढले, तिसऱ्या क्रमांकावर गेले. पैज ज्यांनी ‘अपक्ष’ म्हटलं त्यांनी जिंकली.

२०१९ ला वंचितचा उमेदवार नसता तर शेट्टी आले असते, हे खरं का? (इस्लामपूर)

कागदावर येतात. माने यांना ५,८५,७७६ मतं, शेट्टींना ४,८९,७३७, वंचित बहुजन आघाडीला १,२३,४१९. शेट्टी आणि वंचित यांची बेरीज ६,१३,१५६ होते, म्हणजे मान्यांपेक्षा २७,३८० जास्त.

पण अशी सरसकट बेरीज करण्यात चूक होते. शेट्टींना तूट भरून काढायला वंचितच्या मतांतली किमान ९६,०४० हवी होती, म्हणजे शंभरातली अठ्ठ्याहत्तर. वंचितचा मतदार त्या वेळी काँग्रेस-राष्ट्रवादीवर रागावूनच तिकडे गेलेला. उमेदवार नसता तर त्यातले काही घरी बसले असते, काही युतीकडे गेले असते. शंभरातले अठ्ठ्याहत्तर नेमके शेट्टींकडे वळले असते, असं धरायला आधार काय?

खरा आकडा दुसरीकडे आहे. २०१४ ला शेट्टींना ६,४०,४२८ मतं होती. पाच वर्षांत त्यातली १,५०,६९१ कमी झाली. ही गळती वंचितच्या एकूण मतांपेक्षा मोठी आहे. २०१४ ला मोदी लाटेची भर होती, ती वजा झाली हे एक. दुसरं कारण ऊसपट्ट्यात कोणीही सांगेल: वीस वर्षं ज्या कारखानदारांच्या गेटवर ठिय्या मारला, त्यांच्याच शेजारी खुर्ची टाकून मतं मागायची वेळ आली. उसाची कांडी अडवणाऱ्या पोरांना प्रचारात काय बोलायचं ते सुचेना. आघाडीचे नेते व्यासपीठावर आले, पण त्यांच्या गावागावांतल्या गटांनी किती जोर लावला हा वेगळाच विषय.

२०२४ ला ‘मशाल’ घेऊन लढले असते तर सहज आले असते. हट्ट नडला असं वाटत नाही का? (मलकापूर, शाहूवाडी)

आकडे तुमच्या बाजूने आहेत. धैर्यशील माने ५,२०,१९०, ठाकरे गटाचे सत्यजित पाटील सरूडकर ५,०६,७६४, शेट्टी १,७९,८५०. फरक फक्त १३,४२६ चा. दोन विरोधकांपैकी एकच रिंगणात असता तर निकाल फिरला असता, हे म्हणायला फार धाडस लागत नाही.

पण ‘पाठिंबा घ्या’ आणि ‘आमच्या चिन्हावर लढा’ या दोन ऑफरमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. मशाल हे ठाकरे गटाचं चिन्ह, ते मिळतं त्यांच्या बी फॉर्मवर, म्हणजे पक्षाने दिलेल्या अधिकृत उमेदवारीच्या पत्रावर. बी फॉर्मवर निवडून आलेला माणूस घटनेच्या दहाव्या परिशिष्टानुसार त्याच पक्षाचा सदस्य धरला जातो. मग सभागृहात त्या पक्षाचा व्हिप (मतदानाचा पक्षादेश) लागू. व्हिप मोडला तर खासदारकीवर गदा. पक्ष स्वेच्छेने सोडल्याचं वागणुकीतून दिसलं तरी अपात्रतेची तलवार. थोडक्यात, शेट्टी संसदेत गेले असते, स्वाभिमानी पक्ष मात्र शिरोळमध्येच राहिला असता. २०१८ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी लोकसभेत कर्जमुक्ती आणि हमीभाव यांची दोन खासगी विधेयकं मांडली, तेव्हा ते स्वतःच्या पक्षाचे एकमेव खासदार होते. विचारायला वर कोणी नव्हतं.

त्यामुळे नकार आम्हाला समजतो. चूक वाटते ती वेळेची. एप्रिल २०२२ मध्ये महाविकास आघाडीशी संबंध तोडल्याचं जाहीर केल्यावर दोन वर्षं हातात होती, आणि पाठिंब्याची बोलणी मात्र उमेदवारी जाहीर व्हायच्या तोंडावर चालू राहिली. मोठा पक्ष त्या टप्प्यावर छोट्याला बिनचिन्हाची जागा देत नाही, कारण त्याच्याही दारात तिकीट मागणारे उभे असतात.

मग त्यांचं डिपॉझिट गेलं का? पावणेदोन लाखांवर मतं घेऊनही? (हुपरी)

गेलं. डिपॉझिट वाचवायला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं लागतात. हातकणंगल्यात मतं पडली १२ लाख ९० हजारांच्या आसपास, त्याचा सहावा हिस्सा सुमारे २ लाख १५ हजार. लोकसभेला अनामत २५,००० रुपये, विधानसभेला १०,०००. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला निम्मी. रक्कम किरकोळ आहे, पण ‘डिपॉझिट जप्त’ हे दोन शब्द पुढची पाच वर्षं प्रत्येक सभेत ऐकावे लागतात.

आमदार-खासदार काही नसताना शेट्टींनी एफआरपीचा खटला जिंकला म्हणतात. शेतकऱ्याच्या हातात नक्की काय पडलं? हिशेबासकट सांगा. (कडेगाव)

फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने आदेश काढून एफआरपीचे, म्हणजे केंद्राने ठरवलेल्या उसाच्या किमान दराचे, दोन तुकडे केले. पहिला हप्ता ठरवून दिलेल्या पायाभूत उताऱ्यावर (उतारा म्हणजे शंभर किलो उसातून निघणारी साखर). उरलेलं हंगाम संपल्यावर, त्या हंगामाचा खरा उतारा निघाल्यावर. शेट्टी उच्च न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. ऊस नियंत्रण आदेश १९६६ केंद्राचा आहे, त्यात ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्या असं स्पष्ट लिहिलंय. राज्याला त्याला कात्री लावता येत नाही.

आता हिशेब. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये. समजा तुमच्या कारखान्याचा मागच्या हंगामाचा उतारा १२ टक्के. फरक १.७५, म्हणजे ०.१ चे साडेसतरा टप्पे. १७.५ गुणिले ३.४६ म्हणजे ६०.५५. एकूण क्विंटलला ४१५.५५, टनाला ४,१५५ रुपये ५० पैसे. यातून तोडणी-वाहतूक जाते. ती समजा ९०० धरली तर हातात टनाला ३,२५५.५०. साठ टन ऊस घातला असेल तर १,९५,३३० रुपये.

तुकड्यांच्या पद्धतीत पायाभूत उतारा १०.२५ टक्के धरला तर पहिल्या हप्त्याला फक्त ३,५५० वजा ९००, म्हणजे टनाला २,६५० हातात पडले असते. साठ टनांवर ३६,३३० रुपये कारखान्याकडे हंगाम संपेपर्यंत बिनव्याजी. इकडे सोसायटीचं कर्ज मात्र मार्चअखेर भरायचं. ‘एकरकमी’ या शब्दासाठी एवढी रस्त्यावरची भांडणं का होतात ते या ३६ हजारांत आहे.

१४ दिवस उलटले तर वार्षिक १५ टक्के व्याज लागतं. वरच्या रकमेवर रोजचे ८० रुपये, ३० दिवसांचे सुमारे २,४०८. कारखाना आपणहून हे देत नाही. वजनाच्या पावत्या आणि बँकेत रक्कम जमा झाल्याची नोंद जोडून पुण्याच्या साखर आयुक्तालयाकडे लेखी मागणी करावी लागते. थकबाकी मोठी असेल तर आयुक्त आरआरसी (महसुली वसुलीचं प्रमाणपत्र) काढतात, मग जिल्हाधिकारी महसुली येणं म्हणून वसूल करतात. इथे लोक दोन चुका करतात. पावत्या जपून ठेवत नाहीत आणि उतारा तपासत नाहीत. बी-हेवी मळी (बरीच साखर शिल्लक असलेली मळी) किंवा रस इथेनॉलला वळवला की साखर कमी निघते आणि उतारा पडलेला दिसतो. ती घट प्रमाणित करून उताऱ्यात परत मिळवायची असते. मिळवली का, हे विचारा.

मतांच्या दृष्टीने या विजयाची अडचण अशी की फायदा प्रत्येक ऊस उत्पादकाला होतो, शेट्टींना मत न देणाऱ्यालाही. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये पुणे-बंगळूर महामार्ग रोखून मागच्या उसाला टनाला कुठे ५०, कुठे १०० रुपये जादा सोडवून घेतले, तेव्हाही ते सगळ्यांच्याच खात्यात गेले. सहा महिन्यांनी लोकसभेला काय झालं ते वर आलंच आहे. शेतकरी दरासाठी शेट्टींना बोलावतो, मत देताना गावातला गट, जात, नातं, दिल्लीत कोण हवं हे सगळं बघतो. याला कृतघ्नपणा म्हणण्यात अर्थ नाही. संघटनेचा सभासद आणि पक्षाचा मतदार ही दोन वेगळी नाती आहेत, आणि स्वाभिमानीने दुसरं नातं बांधायला कधी पुरेसा वेळ दिला नाही.

सदाभाऊ खोत, रविकांत तुपकर, देवेंद्र भुयार… एकामागून एक माणसं का जातात? दोष नेत्याचा की जाणाऱ्यांचा? (वरुड)

दोघांचाही थोडा, पण बराचसा रचनेचा. छोट्या पक्षाकडे वाटायला पदं नसतात. ती मोठ्या मित्रपक्षाकडून येतात, आणि ज्याच्याकडून पद आलं त्याच्याकडे माणूस झुकतो. सदाभाऊ २०१४ ला माढ्यातून थोडक्यात हरले, २०१६ ला भाजपच्या पाठिंब्यावर विधान परिषदेत गेले आणि कृषी राज्यमंत्री झाले. पुढच्याच वर्षी कर्जमाफी आणि दराच्या प्रश्नावर संघटना सरकारविरुद्ध रस्त्यावर, आणि संघटनेचा मंत्री सरकारात. ऑगस्ट २०१७ मध्ये सदाभाऊंची हकालपट्टी झाली, पक्ष एनडीएतून बाहेर पडला आणि सदाभाऊंनी रयत क्रांती संघटना काढली. संघटनेचं मोठं नुकसान इथे झालं, कारण शेट्टींच्या बरोबरीने सभा जिंकणारा वक्ता तोच होता.

तुपकरांचं गणित वेगळं. त्यांचा भाग बुलढाणा, पीक सोयाबीन-कापूस. पक्षाची सगळी ताकद आणि प्रतिमा उसाची. विदर्भातल्या कार्यकर्त्याला आपला प्रश्न कायम दुसऱ्या पानावर वाटतो. २०२४ ला ते बुलढाण्यातून अपक्ष लढले आणि अडीच लाखांच्या घरात मतं घेतली. ही मतं पक्षाच्या खात्यात नोंदली गेली नाहीत, हा तोटा पुढच्या उत्तरात कळेल.

भुयार २०१९ ला तुमच्याच मोर्शी-वरुडमधून भाजपच्या अनिल बोंडेंना हरवून पक्षाचे एकमेव आमदार झाले. एकच आमदार असणं ही सगळ्यात नाजूक अवस्था. पक्षांतरबंदीत विलीनीकरणाला दोन तृतीयांश आमदार लागतात. एकातला एक म्हणजे पूर्ण शंभर टक्के. शिवाय पक्षाने स्वतःच हकालपट्टी केली तर ‘पक्ष सोडला’ हा आरोप लावून धरणं अवघड जातं. पुढे भुयारांचीही हकालपट्टी झाली आणि ते अजित पवारांच्या बाजूला गेले. कार्यकर्त्यांचं समाधान झालं असेल, पण कायद्याचं हत्यार पक्षाने आपल्याच हाताने बोथट केलं, असं आमचं मत.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. शेट्टींच्या स्वतःच्या शिरोळमध्ये २०१४ ला स्वाभिमानीतून बाहेर पडलेले उल्हास पाटील शिवसेनेकडून आमदार झाले. नेता दिल्लीत असताना खालची जागा कोणाला द्यायची हे वेळेत ठरलं नाही की असं होतं.

आम्ही काही शेतकरी गट मिळून पक्ष काढतोय. नोंदणी आणि सगळ्या उमेदवारांना एकच चिन्ह, याची पद्धत सांगा. (औसा)

नोंदणी लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम २९ अ खाली. पक्ष स्थापन केल्याच्या तारखेपासून ३० दिवसांत अर्ज दिल्लीला निवडणूक आयोगाकडे पोहोचला पाहिजे. बहुतेक गट इथेच घसरतात. मेळावा घेऊन पक्ष जाहीर करतात, दोन महिने फटाके वाजवतात आणि मग कागद जमवायला बसतात. उलटं करा. आधी पक्षाची घटना लिहा, किमान १०० सदस्यांची प्रतिज्ञापत्रं आणि मतदार ओळखपत्रं गोळा करा, मग स्थापनेचा ठराव करा. शुल्क १०,००० रुपये, परत मिळत नाही. पक्षाच्या घटनेत संविधानावर आणि समाजवाद, धर्मनिरपेक्षता, लोकशाही या तत्त्वांवर निष्ठेचं कलम हवंच, पाच वर्षांत निवडणूक लढवण्याची हमीही हवी. नंतर दोन राष्ट्रीय आणि दोन स्थानिक दैनिकांत जाहिरात, हरकतींसाठी मुदत, आणि मग नोंदणी.

नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे. राखीव चिन्ह मान्यताप्राप्त पक्षालाच. महाराष्ट्रात राज्य पक्ष व्हायचं तर विधानसभेला ६ टक्के मतं आणि २ आमदार, किंवा लोकसभेला ६ टक्के आणि १ खासदार, किंवा ९ आमदार, किंवा २ खासदार, किंवा नुसती ८ टक्के मतं. स्वाभिमानीचा खासदार सलग दहा वर्षं होता, पण तो एकच आणि राज्यभरातली मतं ६ टक्क्यांच्या कितीतरी खाली. तुपकरांसारखी मतं अपक्षाच्या रकान्यात गेली की हे अंतर आणखी वाढतं.

तुमच्यासाठी चिन्ह आदेश १९६८ मधला १०-ब परिच्छेद आहे. विधानसभेची मुदत संपायच्या सहा महिने आधी खिडकी उघडते. मुक्त चिन्हांच्या यादीतली दहा चिन्हं पसंतीक्रमाने द्यायची, किमान ५ टक्के जागा लढवण्याची हमी द्यायची. २८८ चे ५ टक्के १४.४, म्हणजे १५ उमेदवार. मागच्या तीन वर्षांचे तपासलेले हिशेबही लागतात. आधी येईल त्याला आधी, म्हणून खिडकी उघडण्याची तारीख भिंतीवर लिहून ठेवा. ही सवलत पहिल्यांदा सहज मिळते, नंतर १ टक्का मतांची अट येते.

सामायिक चिन्ह हुकलं तर प्रत्येक उमेदवार आपापल्या मतदारसंघात मुक्त चिन्ह मागतो. अर्जात तीन पसंती द्यायच्या. एकाच चिन्हावर तुम्ही आणि अपक्ष असाल तर नोंदणीकृत पक्षाला प्राधान्य. दोन नोंदणीकृत पक्ष असतील तर चिठ्ठी. तरी शेजारच्या तालुक्यात तुमचं वेगळं चिन्ह आणि प्रचाराची गाडी एकच, असा घोळ होतोच.

एबी फॉर्मबाबत तीन गोष्टी. सही शाईची, झेरॉक्स चालत नाही. ए फॉर्मवर ज्याचं नाव आहे त्याचीच सही बी फॉर्मवर. आणि अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हातात. अमान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला सूचक दहा लागतात, मोठ्या पक्षाला एक पुरतो. दहाही त्याच मतदारसंघाचे मतदार असले पाहिजेत. दोन जास्तीच्या सूचकांसह दुसरा अर्ज भरून ठेवा.

नोंदणी मिळाली की निवांत बसू नका. सहा वर्षं एकही निवडणूक न लढलेल्या पक्षांवर आयोगाने २०२५ मध्ये कारवाई केली. ऑगस्टमध्ये ३३४ आणि सप्टेंबरमध्ये ४७४ पक्ष यादीतून गेले. जिल्हा परिषद, नगरपालिका लढवायची असेल तर राज्य निवडणूक आयोगाकडे वेगळी नोंदणी लागते, दिल्लीची तिथे आपोआप चालत नाही.

‘एक नोट, एक व्होट’ म्हणत गावोगाव वर्गणी काढली तर हिशेब कसा दाखवायचा? (औशाच्याच दुसऱ्या वाचकाकडून)

अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी निवडणुकीचं स्वतंत्र बँक खाते उघडा. टोपलीत जमलेली रक्कम त्याच खात्यात भरा. आयोगाच्या खर्च नोंदवहीत तीन रंगांची पानं असतात: पांढरी रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. वर्गणी गुलाबी पानावर तारीख, गाव आणि देणाऱ्याच्या नावासह चढली पाहिजे. सभेत ‘आज सव्वा लाख जमले’ असं माईकवर सांगून वहीत चाळीस हजार लिहिले तर निरीक्षकांच्या छाया नोंदवहीत (तुमच्या खर्चाची ते स्वतंत्रपणे ठेवतात ती वही) व्हिडिओसकट फरक निघतो. एका व्यक्तीला वा दुकानदाराला रोखीने १०,००० च्या वर देऊ नका. पक्षाच्या खात्यावर देणगी घेत असाल तर २,००० च्या वरची रोख घेतली की आयकराची सूट धोक्यात.

खर्चाची कमाल मर्यादा लोकसभेला ९५ लाख, विधानसभेला ४० लाख. वर्गणीवर लढणारा तिथवर पोहोचत नाही. त्याची चूक वेगळीच असते: पडल्यावर वही कपाटात टाकून देतो. निकालापासून ३० दिवसांत हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचाच आहे, डिपॉझिट गेलेल्यानेही. दिला नाही तर तीन वर्षं निवडणूक लढवता येत नाही, आणि नोटीस बहुधा जुन्या पत्त्यावर जाते.